दर बुधवारी सहा वाजता समुद्र

बाबासोला पाण्याची भीती वाटायची, असं म्हणणं बरोबर नव्हे. भीती वाटायला आधी ओळख लागते. पाटण तालुक्यातल्या त्याच्या वाडीत पाणी गुडघ्याच्या वर आल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं, आणि येणार अशी नुसती आवई उठली तरी लोक भाकऱ्या बांधून डोंगरावर जायचे. अशा वाडीतला माणूस वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत, उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्याशेजारी पिवळ्याधमक प्लॅस्टिकच्या होडीत उलटं तोंड करून बसला होता, त्यामागे तसंच कारण असणार. कारणाचं नाव ज्ञानेश्वरी.

ज्ञानेश्वरीशी त्याचं लग्न होऊन नऊ महिने झाले होते आणि त्यातले एकोणीस दिवस दोघं एका छपराखाली होते. बाकीचे दिवस ती वाडीला सासूपाशी, आणि तो मोऱ्यात, हिरामणमामा नावाच्या कोळ्याच्या माळ्यावर भाड्यानं, सहा कारकुनांच्या रांगेत डावीकडून तिसरा. न्हावा शेव्याला कंटेनर सोडवून देणाऱ्या एका कंपनीत तो डिस्पॅचला होता. जपानचा माल जालन्यात आणि जालन्याचा माल जर्मनीत बिनबोभाट पोचवायचा. पाटणची बायको तेवढी उरणला पोचवता येत नव्हती.

ज्ञानेश्वरीच्या पत्रांत सुरुवातीला 'काळजी घ्या' असायचं. मग 'कधी येता' आलं. जानेवारीच्या पत्रात होतं, 'अखितीपर्यंत स्वतंत्र खोली झाली तर ठीक. नाही झाली तर मी कराडला आईकडे जाते आणि शिवणाचा क्लास काढते. मग तुम्हीच या नांदायला.' बाबासो तिला एकोणीस दिवसांत जेवढं ओळखता येतं तेवढं ओळखून होता. ती क्लास काढणार म्हणजे काढणार.

कंपनीच्या कॉलनीत एक क्वार्टर रिकामी होती. एक खोली, स्वयंपाकघर, आणि एक बाल्कनी, जिच्यातून समुद्र दिसत नसला तरी त्याचा वास यायचा. तिच्यासाठी अर्ज आले पाच. एकानं आमदाराची चिठ्ठी जोडली होती, एकानं त्याच्या महाराजांची, एकानं डॉक्टरची. बाबासोनं लग्नपत्रिका जोडली. पाचवा शिवतेज, पुण्याहून आलेला मॅनेजमेंट ट्रेनी. त्यानं काहीच जोडलं नव्हतं, कारण अर्ज इंग्रजीत होता. शिवतेज वाशीला मामाकडे राहायचा, त्याला तिथं स्वतंत्र खोली होती, पण मामी गिटार वाजवू द्यायची नाही.

साहेबांपुढे पेच पडला. निर्णय घ्यायला साहेबांना आवडत नसे. निर्णय घेतला की तो कुणीतरी घेतलाय हे उघड होतं. त्यांनी चार दिवस विचार केला आणि जाहीर केलं, "क्वार्टर खेळातून देऊ. खेळात चिठ्ठी चालत नाही."

खेळ कुठला, हे गोदामात पडूनच होतं. दीड वर्षापूर्वी एक कंटेनर आला होता, त्याचा मालक आलाच नाही. लिलावात बोली लागेना, म्हणून तो शेवटी कंपनीच्याच गळ्यात पडला. उघडला तर आत सहा अरुंद होड्या, चार लांब फळ्या आणि वल्ही. होड्या पिवळ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, मधे किंचित वाकलेल्या. गावानं पहिल्याच दिवशी त्यांना 'केळी' म्हटलं आणि मग कयाक हा शब्द साहेब सोडून कुणी उच्चारला नाही. फळ्यांबरोबर एक चित्र होतं, एक माणूस फळीवर उभा राहून वल्हं मारतोय. साहेबांनी ते उलटसुलट करून बराच वेळ पाहिलं आणि छपाईची चूक आहे असं मत दिलं.

त्याच सुमारास कंपनी एका परदेशी सर्टिफिकेटच्या मागे लागली होती. त्या सर्टिफिकेटचा मंत्र एकच: जे करता ते लिहा, आणि जे लिहिलंय ते करा. साहेबांनी पहिल्या भागावर सहा महिने खर्च करून तीनशे बारा पानांचं निळं पुस्तक छापून घेतलं. चहा किती वाजता, टाचणी कुठल्या डबीत, शिपायानं हाक मारल्यावर काय म्हणायचं, सगळं त्यात. पान दोनशे सातवर 'कर्मचारी मनोरंजन' या मथळ्याखाली लिहिलं होतं, 'कयाक व फळी यांची शर्यत. दर बुधवारी, सायंकाळी सहा वाजता, मोरा येथील समुद्रात.' बुधवार का, तर सोमवारी कामं तुंबलेली असतात, मंगळवारी मीटिंग आणि गुरुवारी साहेबांचा उपास. सहा का, तर साडेपाचला ऑफिस सुटतं. समुद्र किती वाजता असतो याची चौकशी कुणी केली नाही. समुद्र बाहेर असतोच, अशी सगळ्यांची समजूत होती.

पहिल्या बुधवारी तो होताही. धक्क्यापासून दीडशे मीटरवर एका वाशाला लाल झेंडा बांधला होता. त्याला जो पहिला हात लावेल तो जिंकला. शिवतेज पोहण्याचा चष्मा, रबरी टोपी आणि अंगाला तेल लावून आला. बाबासो ऑफिसच्या पँटीत आला. फक्त पट्टा काढून ठेवला होता, बुडालोच तर तेवढा राहील म्हणून.

धक्क्यावर हिरामणमामाची मुलगी जागृती टोपली घेऊन उभी होती. ती उरणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि तिला हसायला कारण लागत नसे. इथं तर कारणांची रांग लागली होती.

"ओ पाटणकर! तोंड इकडं कुठं? झेंडा तिकडं हाय."

"कोण कोण सुटतंय ते बघून घेतोय," बाबासो म्हणाला. आपण उलटं बसलोय हे त्याला तेव्हाच कळलं. पण आता केळ्यात फिरून बसणं म्हणजे पाण्यात बसणं होतं.

शिट्टी झाली. शिवतेज गेला. बाबासोनं उजवीकडून वल्हं मारलं, केळं डावीकडे वळलं; पुन्हा उजवीकडून मारलं, पुन्हा डावीकडे वळलं. चार वेढे झाल्यावर तो जिथं होता तिथंच, पण जास्त थकलेला असा उरला. हिरामणमामानं शेवटी आपल्या होडीतून बांबूच्या आकड्यानं त्याला काठाला ओढला.

"काय रं, प्रदक्षिना किती घालतंस? नवस हाय का?"

"हाय," बाबासो म्हणाला.

दुसऱ्या बुधवारी सहा वाजता समुद्र नव्हता.

धक्क्याखालून थेट क्षितिजापर्यंत नुसता काळा, चकचकीत चिखल. पार लांब कुठंतरी पाण्याची एक रेघ होती, तीसुद्धा निघण्याच्या बेतात असल्यासारखी. साहेबांनी समुद्राकडे उशिरा येणाऱ्या कारकुनाकडे बघतात तसं पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. बरोबर सहा वाजले होते. जे लिहिलंय ते करायचं होतं. त्यांनी शिट्टी मारली.

पाचही जण केळ्यांत बसून चिखलात वल्ही मारायला लागले. केळी हलली नाहीत. वीस मिनिटांनी साहेबांनी पुन्हा शिट्टी मारली आणि रजिस्टरात लिहिलं, 'शर्यत वेळेवर पार पडली. निकाल: बरोबरी.'

त्यानंतर हे असंच चालू राहिलं. एका बुधवारी पाणी, पुढच्या बुधवारी चिखल. पाण्यात शिवतेज पहिला. चिखलात सगळेच पहिले. आमदाराच्या चिठ्ठीवाल्याला हाताला फोड आले. महाराजांच्या चिठ्ठीवाल्याला महाराजांनीच कळवलं की यंदा जलयोग वाईट आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवाल्याला वाटेतच उलटी व्हायची, तीही चिखलाच्या बुधवारी, जेव्हा होडी इंचभरही हललेली नसायची. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दोघंच उरले. साहेबांनी बोर्डावर लावलं: अंतिम शर्यत, बुधवार, तीन एप्रिल. सर्टिफिकेट देणारे ऑडिटर त्या दिवशी जातीनं हजर राहणार.

त्या आठवड्यातल्या चिखलाच्या बुधवारी संध्याकाळी बाबासो पाय धुऊन ओट्यावर आला. हिरामणमामा जाळं विणत बसला होता, पुतळामामी सुकटीतले खडे काढत होती.

"मामा, एक विचारू का? ह्यो समुद्र हप्त्याआड जातो कुठं?"

हिरामणनं सुई थांबवली. बायकोकडे पाहिलं. बायकोनं सुकटीकडे पाहिलं, कारण तिला हसू आवरायचं होतं.

"म्हंजे तुमाला ठावं नाय?" हिरामण म्हणाला. "दीड म्हयना झाला, तुमी शिकलेली मानसं चिखलात बसून वल्ही मारताव. आमाला वाटलं काय तरी व्यायाम आसंल. डाकटरनं सांगलेला."

"मी बोल्ले होते सांग म्हनून," पुतळामामी म्हणाली. "उद्या बोलतील, कोल्यांनीच समिंदर चोरला."

"इचारला कुनी? त्यांचे पुस्तकान तीनशे पानं हायेत, त्यात एक पान आमचं नाय." मग बाबासोकडे वळून तो म्हणाला, "पाऊनकी येते का तुला?"

"पाढा? येतो की. आज्यानं वेताच्या छडीनं पाठ करून घेतलाय."

"मंग झालं. तिथीची पाऊनपट कर. जो आकडा यील, तितके वाजता भरती. आठम आली तर आठ पाऊन सा. सा वाजता भरती, तुमची केली तरंगली. तितून सा तासांनी सुकती. शेवटची शरत कवा हाय तुमची?"

"तीन एप्रिल."

पुतळामामीनं भिंतीवरचं पंचांग उचकलं. "पुनव."

"पंधरा पाऊण सव्वाअकरा," बाबासोच्या तोंडून आपोआप निघालं. सकाळी सव्वाअकराला भरती. म्हणजे संध्याकाळी सहाच्या आगेमागे समुद्र पार तळाला. अंतिम शर्यत चिखलात. निकाल: बरोबरी. आणि बरोबरी झाली तर क्वार्टरचं काय, हे निळ्या पुस्तकात नव्हतं. पण अर्ज इंग्रजीत कुणाचा होता हे साहेबांच्या लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या केबिनीत जाऊन उभा राहिला.

"साहेब, तीन तारखेला सहा वाजता पाणी नसतंय. पुनव हाय. अकरा-साडेअकराला घेतली तर…"

"कोण म्हणतं पाणी नसतं?"

"पंचांग, साहेब."

"पंचांग आपल्या संदर्भग्रंथांच्या यादीत आहे का?"

"न्हाय, जी. पण सहातल्या तीन शर्यती चिखलातच झाल्या की."

साहेबांनी रजिस्टर काढलं, पानं चाळली आणि शांतपणे मिटलं. "यात 'चिखल' हा शब्द एकदाही आलेला नाही."

"मग येळ तरी बदला, साहेब."

"वेळ बदलायची तर पान दोनशे सात बदलावं लागेल. पान बदलायचं तर बदल-समिती बसायला हवी." साहेबांनी पुस्तक उघडून दाखवलं. "समिती बसते बुधवारी सहा वाजता. आणि तेव्हा आपण सगळे शर्यतीला असतो."

बाबासोनं ते पान वाचलं. खरंच तसं होतं. त्या ओळीखाली 'कयाक व फळी' हे शब्दही त्यानं पुन्हा एकदा वाचले. फळी. पायऱ्या उतरताना त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली, जी दीड महिना पाण्याच्या धसक्यानं आली नव्हती. पाण्यात आपण कुणीच नाही. पण चिखल? पाटणकडचा भाताचा चिखल तुडवतच तो वाढला होता. आषाढात बैलांमागं मांडीएवढ्या चिखलात दिवस दिवस काढलेला माणूस तो. चिखलाची आणि त्याची ओळख जुनी होती.

मोऱ्यात ओहोटीला काही बायामाणसं शिंपल्या काढायला चिखलात जायची, ती चालत जात नसत. एक गुडघा फळीवर, दोन्ही हात पुढच्या कडेला, आणि मोकळ्या पायानं मागं रेटा. जागृती त्यात तरबेज होती. सकाळी ऑफिसच्या आधी तिनं बाबासोला गोदामातली फळी घेऊन धक्क्याखाली उतरवलं.

"पाय रुतवू नको. चाटवायचा. आंब्याची साल चाटतात तसा."

"माझ्या पायाला जीभ हाय का?"

"तोंडाला हाय ना, ती बंद ठेव. हां. ढकल. अरे, बैल मारतोयस काय? हळू!"

पहिल्या दिवशी तो तोंडावर पडला. दुसऱ्या दिवशी फळी पुढं गेली आणि तो मागं राहिला. पाचव्या दिवशी फळी सर्रकन सुटली आणि बाबासोच्या तोंडून बैलांना घालतात तशी हाळी निघाली.

"वहिनीला सांगशील ना कुणी शिकवलं?" जागृती ओरडली.

"सांगंन. पण आधी ती यायला पायजे की."

शिवतेजही मागं नव्हता. तो रोज चेंबूरला तरणतलावावर जायचा.

तीन एप्रिलला धक्क्यावर कनात लागली. दुपारी भरतीच्या लाँचनं ऑडिटर आले. बारीक अंगाचे गृहस्थ, टाय, आरशासारखे बूट, हातात कागद लावलेली पाटी. सहाला पाच कमी असताना साहेबांनी समुद्राला नारळ अर्पण केला. तो थप्प करून चिखलात बसला आणि शर्यत संपेपर्यंत तिथूनच सगळ्यांकडे बघत राहिला.

ऑडिटरांनी चष्मा पुसला. "समुद्र कुठे आहे?"

"येतोय, सर," साहेब म्हणाले. "निघालाय."

ऑडिटरांनी पाटीवर काहीतरी लिहिलं. शिट्टी झाली.

शिवतेज केळ्यात बसून सगळ्या ताकदीनं वल्ही मारायला लागला आणि पहिल्या दोन रांगांतल्या खुर्च्या काळ्या झाल्या. बाबासोनं फळी टाकली, गुडघा टेकला आणि रेटा दिला. धक्क्यावरची माणसं आधी काठाशी सरकली. मग मोऱ्याच्या बाया हसायला लागल्या. ऑफिसची माणसं साहेबांच्या तोंडाकडे बघत थांबली, हसायचं की नाही ते ठरवायला.

"हे नियमात बसतं का?" ऑडिटरांनी विचारलं.

"कयाक व फळी, सर," साहेबांनी पान उघडून दाखवलं. त्यांनाही ते आत्ताच कळत होतं.

"प्रत्यक्ष पाहणी करायला हवी," ऑडिटर म्हणाले. "अंतिम रेषा मी स्वतः तपासतो."

झेंड्याच्या बाजूनं एका जुन्या फुटलेल्या बांधाचे दगड गेले होते. ऑडिटर पाटी छातीशी धरून त्या दगडांवरून लंगडी खेळल्यासारखे निघाले. हिरामण ओरडला, "ओ सायेब! तितून नको!" पण सूचना लेखी नव्हती. बांध संपला तिथून झेंडा पंधरा-वीस पावलांवर होता. ऑडिटरांनी पहिलं पाऊल टाकलं, ते घोट्यापर्यंत गेलं. दुसरं गुडघ्यापर्यंत. तिसरं टाकायला पाय निघेना, तोवर पहिल्या दोन पावलांनी कमरेपर्यंतचं काम उरकलं होतं.

साहेबांनी घाईघाईनं पुस्तकातलं 'आपत्कालीन' प्रकरण काढलं. आग होती, भूकंप होता, लिफ्ट अडकणं होतं, मधमाश्या होत्या. ऑडिटर नव्हता.

"शर्यत थांबवा!" कुणीतरी ओरडलं.

"थांबवू नका!" चिखलातून ऑडिटरच ओरडले. त्यांचा टाय चिखलावर पसरला होता. "मी फक्त निरीक्षण करतोय! कार्यपद्धती चालू ठेवा!"

बाबासोच्या पुढं झेंडा वीस हातांवर होता. डावीकडे तेवढ्याच अंतरावर ऑडिटर होते आणि लांब कुठं गेलेलं पाणी आता परतीला लागलं होतं. चिखलातल्या वळ्यांमधून एक चंदेरी जीभ सरकत येत होती. मागं बघितलं तर शिवतेजला अक्कल आली होती. त्यानं वल्हं फेकून दिलं होतं, तो केळ्यावर पालथा पडून दोन्ही हातांनी चिखल रेटत येत होता. चष्मा, टोपी, तेल, सगळं एकाच रंगाचं झालं होतं.

वीस हात. पाच रेटे. ज्ञानेश्वरी शिवणाच्या क्लासात पोरींना काजं शिकवतेय आणि आपण कराडला त्या दारात पिशवी घेऊन उभे आहोत, असं चित्र बाबासोला लख्ख दिसलं. ऑडिटर आणखी चार बोटं खाली गेले.

"तुज्या निरीक्षणाच्या आयला!" बाबासो म्हणाला आणि त्यानं फळी डावीकडे वळवली.

"तुम्ही मार्ग सोडलात!" ऑडिटर म्हणाले. "हे योग्य नाही."

"पालथं पडा फळीवर. पुढच्या अंगाला. हात द्या."

"माझे बूट…"

"बूट ऱ्हाऊ द्यात. त्यास्नी करू द्या निरीक्षण."

रोप उपटतात तसा त्यानं ऑडिटरला काखेत हात घालून उपटला. आवाज असा झाला की धक्क्यावरच्या बायांनी पदर तोंडाला लावला. ऑडिटर फळीवर पालथे, पाटी अजून हातात. मागं बाबासो एका गुडघ्यावर. आणि समोर शिवतेज झेंड्यापासून दहा हातांवर.

"ढकल, पाटणकर!" जागृतीचा आवाज आला. "बैल मार! आता मार बैल!"

बाबासोनं हाळी घातली आणि रेटा दिला. अडीच माणसांचं ओझं असल्यासारखी फळी आधी कुरकुरली, मग सुटली. शिवतेज आठ हातांवर, पाच, तीन. तोवर फळी त्याच्या शेजारून सर्रकन पुढं गेली, आणि ती थेट वाशावर आदळणार म्हणून घाबरून ऑडिटरांनी दोन्ही हात पुढं केले. झेंडा त्यांच्या मुठीत आला. त्यांच्या पाठीवरून झेपावत बाबासोनं वाशाला हात लावला. मग शिवतेजनं.

धक्क्यावर परत आल्यावर पुतळामामीनं ऑडिटरांच्या अंगावर चार बादल्या पाणी ओतलं आणि हिरामणची लुंगी नेसायला दिली. ते खुर्चीत बसून चहा प्यायला लागले तोवर वाद पेटला होता.

"झेंड्याला पहिला हात ज्याचा, तो विजेता. मग बाबासो विजेता कसा?" शिवतेज म्हणाला. "पहिला हात त्याचा नव्हताच."

"फळी माझी व्हती," बाबासो म्हणाला.

"पण हात यांचा होता."

सगळ्यांनी ऑडिटरांकडे पाहिलं. साहेबांनी पान दोनशे सात मोठ्यानं वाचलं. 'कयाकवर वा फळीवर असून ध्वजास प्रथम स्पर्श करणारी व्यक्ती विजेती समजावी.' व्यक्ती. कर्मचारी असा शब्द नव्हता.

"मी स्पर्धक नाही," ऑडिटर म्हणाले.

"मग सर, नियम पाळला गेला नाही असं होतं," साहेब घाबरून म्हणाले. "म्हणजे त्रुटी."

ऑडिटर विचारात पडले. नियम पाळला नाही म्हणावं तर ज्या शर्यतीत नियम मोडला, तीत ते स्वतः झेंडा धरून होते. पाळला म्हणावं तर ते जिंकले होते. त्यांनी टेबलावरच्या बक्षिसाच्या पितळी कपाकडे पाहिलं. आयुष्यात ते एकदाच कशात तरी उतरले होते, तिसरीत असताना लिंबू-चमच्यात, आणि त्यांचं लिंबू सुरुवातीलाच पडलं होतं. त्यांनी लुंगी सावरली, उठले आणि कप घेतला. टाळ्या पडल्या. अहवालात त्यांनी लिहिलं, 'कर्मचारी मनोरंजन: उत्कृष्ट. समुद्र: समाधानकारक.'

कंपनीला सर्टिफिकेट मिळालं. क्वार्टर ऑडिटरांना मिळाली.

"मानसाला आधी झेंड्याकडं न्यायचा, की आधी हात लावून मंग मानसाकडं जायचा?" पुतळामामी त्या रात्री जेवताना म्हणाली. "पाच रेटं होतं, मी मोजलं."

"तवर गेला आसता तो."

"कुटं जातो? पोटापर्यंत गेला की थांबतोच मानूस. आमचे हे तीनदा गेलेत."

हिरामणनं मान डोलावली. बाबासोचा घास हातातच राहिला. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाबासो डबा न उघडता निळं पुस्तक घेऊन बसला. आजवर त्यानं त्यातलं एकच पान वाचलं होतं. संध्याकाळपर्यंत तीनशे बाराच्या तीनशे बारा झाली. मग तो साहेबांच्या केबिनीत गेला.

"साहेब, पान अठ्ठ्याऐंशी."

साहेब दचकले. आजवर पान त्यांनीच लोकांना दाखवलं होतं.

"'वाटप झालेली क्वार्टर बंद ठेवू नये. रोज झाडलोट व दिवाबत्ती व्हावी.' ऑडिटरसाहेबांचं मुलुंडला सोताचं घर हाय. ते काय हितं यायचं न्हाईत. म्हंजे क्वार्टर बंद. म्हंजे त्रुटी."

"अरे देवा," साहेब म्हणाले.

"आणि सा महिन्यांनी तपासायला परत तेच येणार. सोताचीच क्वार्टर बंद बघायला."

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "मग काय करायचं म्हणतोस?"

"एकशे एकोणीस. 'रिकाम्या जागी काळजीवाहक नेमावा. काळजीवाहक शक्यतो सपत्नीक असावा.'"

"हे मी लिहिलंय?"

"तुमचीच सही हाय, जी."

साहेबांनी शिवतेजचा विचार केला. शिवतेज काही अखितीपर्यंत सपत्नीक होण्यातला नव्हता. निर्णय घ्यावा लागला नाही, तो पुस्तकातच होता. साहेबांना फार बरं वाटलं.

अखितीच्या आदल्या दिवशी ज्ञानेश्वरी ट्रंक, पोळपाट आणि तांदळाचं पोतं घेऊन उरणच्या स्टँडवर उतरली. बाबासोनं पोतं खांद्यावर घेतलं, कॉलनीपर्यंत पुढं चालत राहिला आणि दुसऱ्या मजल्यावर दारापाशी थांबला. दारावर पितळी पाटी होती. ज्ञानेश्वरीनं ती वाचली. आडनाव ओळखीचं नव्हतं.

"हे कोण?"

"शर्यत जिंकलेले."

"आणि तुम्ही?"

"मी दुसरा आलो."

"कितीजणांत?"

"तिघांत."

ज्ञानेश्वरीनं त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाटीकडे. "ते येणार हायेत का हितं?"

"वर्षातनं दोनदा. बाल्कनीत बसणार, चहा घेणार, सगळं बरोबर हाय का लिहून घेणार आणि जाणार. तसं पुस्तकात हाय."

"बरं." तिनं ट्रंक उंबऱ्याच्या आत ढकलली आणि पदर खोचला. "मग पुस्तकात एवढंबी लिहून घ्या. दाराला आतनं कडी असली, तर त्यांनी खाली जिन्यात थांबायचं. आणि आल्यावर चपला भाईर."

"बूट न्हाईतच त्यांच्याकडं," बाबासो म्हणाला आणि पोतं घेऊन आत गेला.